तपासणीच्या खोलीबाहेरचा रुग्ण : गोव्यातील सामाजिक संशोधन आणि पेडणे-डिचोलीची महाविद्यालये

“डॉक्टर, आंगांत त्राण ना.” पेडणे किंवा डिचोली तालुक्यात दवाखाना चालविणाऱ्या प्रत्येक वैद्यकव्यावसायिकाने हे वाक्य इतक्या वेळा ऐकलेले असते की, ते पुरते कानी पडण्यापूर्वीच आपला हात औषधाच्या चिठ्ठीकडे वळतो. पापणी खाली ओढून पाहायची, रक्तदाब मोजायचा, लोहाच्या गोळ्या आणि एखादे जीवनसत्त्वाचे सरबत लिहून द्यायचे, आणि पुढच्या रुग्णाला आत बोलवायचे. मीही वर्षानुवर्षे हेच केले. प्रस्तुत लेखाचा विषय म्हणजे या सवयीला गोव्यातच झालेल्या संशोधनाने दिलेला धक्का, आणि त्या संशोधनापासून आपल्या तालुक्यांतील महाविद्यालयांना व आपल्याला काय घेता येईल याचा विचार. लेखक मानसोपचारतज्ज्ञ नाही, समाजशास्त्राचा अभ्यासकही नाही. एका सामान्य वैद्याने केलेली ही टिपणे आहेत, त्या मर्यादेतच ती वाचावीत.

‘स्त्री आरोग्य शोध’ या नावाचा एक अभ्यास या शतकाच्या आरंभी बार्देश तालुक्यातील हळदोणे परिसरात झाला. १८ ते ४५ वयोगटातील ३००० स्त्रिया यादीतून यदृच्छेने निवडण्यात आल्या आणि त्यांपैकी २४९४ स्त्रियांनी सहभाग दिला. त्यांच्या मुलाखती झाल्या, रक्त व इतर नमुने तपासले गेले. सहा महिन्यांहून अधिक काळ थकव्याची तक्रार करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे १२ टक्के आढळले. यात नवल काही नाही. नवल पुढे आहे. या थकव्याचा हिमोग्लोबिनच्या पातळीशी संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो दारिद्र्याशी, नवऱ्याकडून होणाऱ्या छळाशी आणि मनाच्या अस्वास्थ्याशी. अंगावरून पांढरे जाण्याच्या तक्रारीचेही तसेच. जंतुसंसर्ग हे तिचे कारण असेल असे आपण गृहीत धरतो. पण प्रयोगशाळेत सापडलेल्या संसर्गापेक्षा मानसिक व सामाजिक ताणाशी तिचे नाते अधिक घट्ट निघाले. थकव्याविषयीचे निष्कर्ष २००५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या घरापासून तासाभराच्या अंतरावर झालेले हे काम लंडनहून छापून आल्यावर आपल्या वाचनात आले, हेही जाता जाता नोंदविण्यासारखे आहे.

रक्तक्षय आपल्याकडे नाहीच, असा याचा अर्थ कोणी काढू नये. हिमोग्लोबिन तपासायचेच आहे. परंतु ते बारा ग्रॅम आले, तरी बाई थकलेलीच असते. आणि त्या वेळी “तुम्हाला काही झालेले नाही” असे सांगणे हे वैद्यकीयदृष्ट्या चुकीचे आणि माणुसकीच्या दृष्टीने त्याहून चुकीचे ठरते.

रुग्णाचे घर ही रोगनिदानाची बाब आहे, हा विचार तसा जुना. बॉस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांना बाह्यरुग्ण विभागात काम करताना असे जाणवले की, आपण लिहून दिलेला आहार, विश्रांती व स्वच्छ हवा यांपैकी काहीच रुग्णाच्या आवाक्यात नसते, आणि असते की नाही हे आपल्याला कळतही नाही. म्हणून १९०५ मध्ये त्यांनी रुग्णालयात समाजकार्यकर्ती नेमली. आपल्याकडे १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे पहिले विद्यालय निघाले, तेच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून नावारूपास आले. १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची नेमणूक झाली. गोव्यात १८४२ पासून वैद्यकीय शिक्षणाची परंपरा आहे. समाजकार्याचे शिक्षण मात्र फार उशिरा आले. आज पणजीच्या डॉन बॉस्को महाविद्यालयात ते मिळते. नव्या काबिजादीतील आपल्या तालुक्यांत साधी पदवी महाविद्यालयेसुद्धा मुक्तीनंतरचीच, कारण पोर्तुगीज अमदानीत येथे शिक्षणाची जी सोय होती ती मुख्यतः खाजगी मराठी शाळांची होती. पेडण्यातच जन्मलेल्या भाऊसाहेब बांदोडकरांच्या कारकिर्दीत गावोगाव प्राथमिक शाळा निघाल्या, त्यांतून शिकलेली पिढी पुढे महाविद्यालयांच्या दारी पोचली.

म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्या जुन्या आझिलोत, झालेला दुसरा एक अभ्यास पेडणेकरांना अधिक जवळचा वाटावा, कारण आपल्या कितीतरी लेकी-सुना बाळंतपणाला तेथेच जात. गरोदरपणात निवडलेल्या २७० मातांचा त्यात पाठपुरावा झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी सुमारे २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. गरिबी आणि नवऱ्याशी बेबनाव ही कारणे होतीच. जोडीला, मुलगी झाली असेल तर धोका वाढत होता. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष सुशिक्षित, पुढारलेल्या आणि स्त्री-पुरुष समानतेच्या बाबतीत स्वतःची पाठ थोपटून घेणाऱ्या गोव्याचा आहे. बारशाला पेढे वाटताना बाळंतिणीच्या चेहऱ्याकडे कोणी पाहिले होते काय, असा प्रश्न त्यानंतर मला प्रत्येक बारशात पडत आला आहे.

पदवीविना समुपदेशक

रोग कळला, पण उपचार कोणी करावा? मानसोपचारतज्ज्ञ मूठभर, तेही बांबोळी, पणजी, मडगाव, म्हापसा एवढ्यांतच. इब्रामपूर वा सुर्लाची बाई बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत जाणार नाही. गेली तर गावात तिचे नाव काय पडेल हे तिला ठाऊक असते. यावर १९९६ मध्ये गोव्यात स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने व डॉ. विक्रम पटेल यांनी काढलेला मार्ग आज जगभर अभ्यासला जातो. ‘मनःशांती सुधार शोध’, अर्थात ‘मानस’ या नावाच्या चाचणीत वैद्यकीय पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना सुमारे दोन महिन्यांचे प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत व खाजगी दवाखान्यांत आरोग्य-समुपदेशक म्हणून बसविण्यात आले. बारा सरकारी केंद्रे आणि बारा खाजगी दवाखाने निवडले गेले. रुग्णांची संख्या २७९६. निम्म्या ठिकाणी समुपदेशक, निम्म्या ठिकाणी नेहमीचा उपचार. समुपदेशकाचे काम रुग्णाला त्याचा त्रास समजावून सांगणे, श्वसनाचे साधे व्यायाम शिकविणे, नात्यांतील पेच बोलून मोकळे करणे आणि गोळ्या चालू असतील तर त्या मध्येच सुटू नयेत याकडे पाहणे. गोळ्या डॉक्टरच देणार. वर मानसोपचारतज्ज्ञांची देखरेख.

२०१० मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेला निकाल असा : सरकारी केंद्रांत समुपदेशक असताना सहा महिन्यांनी ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले, तो नसताना ४२.५ टक्के. खाजगी दवाखान्यांत मात्र समुपदेशकामुळे फरक पडला नाही; दोन्हीकडे प्रमाण जवळपास सारखेच, पासष्टच्या आसपास.

आपल्यासारख्या खाजगी व्यावसायिकांना या दुसऱ्या आकड्याने हुरळून जाण्याचा मोह होईल. कुटुंबाचा डॉक्टर घर ओळखतो, सासूला ओळखतो, नवऱ्याचे पिणे ओळखतो, त्याच्या दोन शब्दांनी गुण येतो, असे आपण म्हणू शकतो, आणि त्यात तथ्य असावे असे मलाही वाटते. परंतु आपल्या दारी येणारा रुग्ण फी देऊ शकणारा, म्हणजे आधीच थोडा सावरलेला असतो, ही गोष्ट विसरता येत नाही. सरकारी केंद्रातील ४२.५ हा आकडा ज्यांचा आहे ते लोक आपल्याकडे येतच नाहीत, किंवा एकदा येऊन पुन्हा येत नाहीत. त्यांना गाठायचे तर दवाखान्याचा उंबरठा ओलांडावा लागतो.

‘मानस’नंतरची पावले याच दिशेची होती. गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत दोन उपचारपद्धती तपासल्या गेल्या आणि त्यांचे निकाल डिसेंबर २०१६ मध्ये लॅन्सेटनेच प्रथम प्रसिद्ध केले. तीव्र नैराश्याच्या रुग्णांसाठी सहा ते आठ बैठकांची पद्धत होती. माणूस निराश झाला की कामे सोडतो, कामे सोडली की अधिक निराश होतो. हे चक्र लहानशा, ठरवून केलेल्या कृतींनी उलटे फिरवायचे. तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले. केवळ नेहमीचा उपचार मिळालेल्यांत ३९ टक्के. दुसरी पद्धत अपायकारक प्रमाणात मद्यपान करणाऱ्या पुरुषांसाठी, जास्तीत जास्त चार बैठकांची. तेथे यश ३६ टक्क्यांत, तुलनेच्या गटात २६ टक्क्यांत. दारूच्या बाबतीत हे दहा टक्के थोडे वाटतील. ज्यांच्या घरात तो नवरा आहे त्यांना ते थोडे वाटणार नाहीत. या समुपदेशकांचे शिक्षण शालान्त परीक्षेपर्यंत असले तरी चालत असे. मला सर्वांत मोलाची वाटलेली बाब त्यांच्या प्रशिक्षणातील आहे : बैठकांचे ध्वनिमुद्रण रुग्णाच्या संमतीने करून ते सर्वांनी मिळून ऐकायचे आणि एकमेकांना गुण द्यायचे. आपल्यापैकी किती जण आपली तपासणीच्या खोलीतील संभाषणे सहव्यावसायिकांना ऐकवायला तयार होतील?

आपले दोन तालुके

पेडणे आणि डिचोली या तालुक्यांवर गेल्या काही वर्षांत जे गुजरले ते पाहता अशा कामाची येथे किती निकड आहे हे वेगळे सांगायला नको. डिचोलीची निम्मी अर्थव्यवस्था लोहखनिजाच्या ट्रकांवर चालत असे. घरटी एक ट्रक, त्यावर बँकेचे कर्ज, त्या भरवशावर घराचा स्लॅब आणि मुलीचे लग्न. २०१२ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खाणी थांबल्या. पुढे काही काळ चालू झाल्या. ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द होऊन मार्चात पुन्हा बंद पडल्या. २०२२ च्या अखेरीस लिलाव होऊन डिचोली, शिरगाव, मये भागातील पट्टे नव्याने दिले गेले. खाणींनी शिरगाव-मुळगावच्या शेतांचे व झऱ्यांचे काय केले ते ज्यांनी पाहिले आहे, ते न्यायालयाला दोष देणार नाहीत. पण दारात गंजत उभ्या राहिलेल्या ट्रकाकडे पाहत जो माणूस दिवस काढतो, त्याची झोप कोणत्या स्तंभात नोंदवायची?

पेडण्याचे दुखणे निराळे. तेथे किनाऱ्यावर हरमल-मोरजीत पैसा आला आणि डोंगरमाथ्यावर मोपाला विमानतळ. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचे उद्घाटन झाले, जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. जमिनी गेल्या, काहींना नोकऱ्या मिळाल्या, काहींना मिळाल्या नाहीत, पठारावर गुरे चारणाऱ्या धनगर कुटुंबांची जागा बदलली. भरभराटीचा ताण मंदीच्या ताणापेक्षा कमी नसतो, तो फक्त सांगता येत नाही, कारण ऐकणारा म्हणतो, “तुम्हाला आता काय कमी आहे?”

या दोन तालुक्यांत महाविद्यालये आहेत. विर्नोड्याला संत सोहिरोबानाथ आंबिये यांच्या नावाचे सरकारी महाविद्यालय, साखळीला सरकारी महाविद्यालय, डिचोलीत नारायण झांट्ये वाणिज्य महाविद्यालय. सर्व गोवा विद्यापीठाशी संलग्न. यांतील विद्यार्थी आपल्याच गावांतून येतात. १९६९ पासून देशभर चालू असलेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास समाजासाठी द्यावेत अशी अपेक्षा असते, शिवाय सात दिवसांचे शिबिर. हे तास बहुतेक ठिकाणी रस्ता झाडण्यात, झाडे लावण्यात आणि फलक रंगविण्यात जातात. ती कामे निरुपयोगी नाहीत. पण ज्या मुलीला पेडण्याची बोली जन्मजात येते, तिच्या हाती केवळ झाडू देणे ही उधळपट्टी आहे.

बोलीचा मुद्दा येथे थोडा विस्ताराने मांडतो, कारण संशोधनाचे निम्मे यश त्यावर ठरते. प्रश्नावली इंग्रजीत तयार होते, मग तिचे कोंकणीत वा मराठीत भाषांतर होते, आणि दुसऱ्या माणसाकडून ते पुन्हा इंग्रजीत करवून मूळ अर्थ टिकला का हे पाहतात. एवढी काळजी घेऊनही बार्देशात बसलेला शब्द पेडण्यात बसेलच असे नाही. पेडण्याची बोली मालवणीकडे झुकते, डिचोलीची डोडामार्गाकडे. “तुम्ही उदास असता का?” असे विचारले तर आमच्याकडची बाई “नाही” म्हणते, आणि “जिवाला बरे वाटते का?” असे विचारले तर पदर डोळ्याला लावते. हा फरक पुस्तकात सापडत नाही. तो गावातल्या मुलीला ठाऊक असतो.

मात्र गावातलीच मुलगी ही गुणाची बाब तशीच धोक्याचीही. लहान गावात सर्वेक्षण करणारी मुलगी म्हणजे कोणाची तरी भाची, कोणाची तरी होणारी सून. आज सांगितलेले उद्या विहिरीवर पोचेल ही भीती खोटी नव्हे. त्यावर उपाय आहे आणि तो साधा आहे : विद्यार्थिनीला तिच्या स्वतःच्या वाड्यावर पाठवू नये, पलीकडच्या गावात पाठवावे, कागदावर नाव न लिहिता क्रमांक लिहावा आणि नावांची यादी प्राध्यापकांच्या कुलुपात ठेवावी, प्रश्न विचारण्यापूर्वी “उत्तर न देण्याची तुम्हाला मोकळीक आहे” हे वाक्य खरोखर उच्चारावे.

याहून मोठा धोका मी स्वतः पाहिला. डिचोली तालुक्यातील खाणींच्या पट्ट्यात एका महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी घरोघरच्या कर्जाची पाहणी हाती घेतली होती. चाळीस प्रश्न होते. हप्ता किती, थकला किती, सोने गहाण आहे का, वगैरे. एका घरी बाईने सर्व उत्तरे दिली आणि शेवटी चहाचा पेला उचलता उचलता म्हणाली की, रात्री निजावे आणि सकाळी जागच येऊ नये असे हल्ली वाटते. मुलगी गांगरली. तिच्या कागदावर या उत्तराला रकाना नव्हता. तिने ते मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहिले आणि गठ्ठा जमा केला. बारा दिवसांनी आकडेमोड करताना एका प्राध्यापिकेने कागद उलटला. त्या संध्याकाळी त्या माझ्या दवाखान्यात आल्या तेव्हा त्यांचे हात थरथरत होते. त्यांनी घराची खूण सांगितली आणि थरथरण्याची पाळी माझी आली. ती बाई माझी रुग्ण होती. दीड वर्ष मी तिला थकव्यासाठी लोहाच्या गोळ्या देत होतो. तिचे हिमोग्लोबिन मी दोनदा तपासले होते आणि दोन्ही वेळा ते उत्तम होते.

आम्ही दोघे त्याच रात्री गेलो. ती घरात होती, भाकऱ्या थापीत होती. सर्व बारा दिवस ती होती, हे आमचे दैव; आमची हुशारी नव्हे.

त्यानंतर त्या महाविद्यालयाशी बोलून आम्ही जे ठरविले ते इतरत्रही उपयोगी पडेल म्हणून लिहितो. भरलेला प्रत्येक कागद त्याच दिवशी प्राध्यापकांनी वाचायचा. कागदाच्या पहिल्याच पानावर, वरच्या कोपऱ्यात एक चौकोन. तेथे खूण झाली की रात्र उलटण्यापूर्वी ठरलेल्या डॉक्टरला दूरध्वनी करायचा. पाहणीला निघण्यापूर्वी विद्यार्थ्यांना दोन दुपारी शिकवायचे ते आकडे नव्हेत, तर असे ऐकल्यावर काय बोलायचे आणि काय बोलायचे नाही : उपदेश करायचा नाही, देवावर हवाला ठेवायला सांगायचे नाही, गुप्त ठेवण्याचे वचन द्यायचे नाही, माणसाला एकटे सोडून यायचे नाही. आत्महत्येचा विचार विचारल्याने तो मनात भरतो हा समज चुकीचा आहे, हेही त्यांना सांगायचे. तो समज आपल्या व्यवसायातही पुष्कळ आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही केंद्र सरकारची विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे; तो क्रमांक प्रत्येक कागदाच्या तळाशी छापून फाडून देता येईल असा ठेवायचा. आणि आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला पोलिसांची धास्ती दाखविण्याचे दिवस गेले, कारण २९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार तो माणूस तीव्र ताणाखाली होता असेच, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, धरले जाते व त्याला शिक्षा होत नाही. कुटुंबाला हे एकदा सांगितले की, विषबाधेचा रुग्ण लपविला जाण्याचे बरेच कमी होते.

उरलेला प्रश्न आपला, म्हणजे डॉक्टरांचा आहे. महाविद्यालयाने माणूस शोधून काढला आणि आपण त्याला गर्दीच्या वेळी चार मिनिटे दिली, तर शोधण्याला अर्थ राहत नाही. मी बुधवारची दुपार मोकळी ठेवली. फी नाही, पाटीही नाही. पाटी लावली असती तर कोणी आले नसते. बाहेर बसलेल्यांना वाटते डॉक्टर हिशेब तपासतात. प्राध्यापिका किंवा प्रशिक्षण घेतलेली एखादी विद्यार्थिनी शेजारच्या खोलीत बसते. औषधाची गरज आहे की नाही ते मी पाहतो, बाकीचे बोलणे ती करते, आणि पाऊण तास बोलून झाल्यावर रुग्णाने येत्या आठवड्यात करावयाची एकच लहानशी गोष्ट दोघींनी मिळून ठरवायची असते : एकदा बहिणीकडे जाऊन यायचे, परसातली मिरचीची रोपे लावायची, बँकेतून हप्त्याचा कागद आणायचा. ज्यांना याहून अधिक हवे त्यांना बांबोळीला पाठवितो, आणि शक्य तेव्हा सोबत माणूस देतो. सर्वांनाच गुण येतो असे नाही. दारूच्या बाबतीत तर माझ्या बुधवारचा अनुभव संगाथच्या छत्तीस टक्क्यांच्या जवळपाससुद्धा जात नाही.

त्या बाईच्या नवऱ्याने पुढे ट्रक मोडीत काढला. कर्ज अजून पुरते फिटलेले नाही. ती शाळेतल्या मुलांचे माध्यान्ह जेवण करणाऱ्या बचत गटात जाऊ लागली. अधूनमधून बुधवारी येते. अजूनही पहिले वाक्य तेच असते, आंगांत त्राण ना. मी चिठ्ठीकडे हात नेत नाही, काल रात्री किती वाजता झोप लागली ते विचारतो, आणि ती सांगू लागते.